वरून मीठ नाही

थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिला ओळखणारा कोणीही सांगेल, आणि सांगताना ती आसपास नाही ना हे आधी बघून घेईल. घरातली मोठी मुलगी म्हणून बाप तिला थोरली म्हणायचा. मग शेजारीपाजारीही म्हणू लागले. लग्न होऊन ती गेली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून वर्षाच्या आत बॅग उचलून परत आली, तेव्हाही कोणी तिला दुसरं काही म्हटलं नाही. म्हणायची हिंमत कोणात होती?

परत आल्यावर तिने एका मोठ्या कचेरीचं कॅन्टीन चालवायला घेतलं आणि उमेदीची सगळी वर्षं तिथे घालवली. तिची एक सवय होती. पातेल्यात पळी घालायची, दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि चाटून बघायचे. त्याशिवाय एक थाळी बाहेर जायची नाही. जेवायला बसलेला साहेब असो की शिपाई, नाक मुरडलं तर ती समोर येऊन उभी राहायची आणि विचारायची, काय कमी आहे ते सांगा. बहुतेक जण काही नाही म्हणून मान खाली घालून जेवायचे.

त्या कॅन्टीनला कोणी बंद केलं नाही, ते ओस पडलं. कचेरीतली नवी मंडळी जेवणाच्या सुट्टीत फोन काढायची, बोट फिरवायची आणि फाटकावर जाऊन कागदी पिशव्या घेऊन यायची. जिन्याखाली गरम जेवण तयार असताना ही माणसं दुचाकीवरून हिंदकळत आलेलं गार जेवण खायची आणि खाण्याआधी त्याचा फोटो काढायची. थोरलीला हे पाहून तिडीक जायची. पण तिडिकीवर चूल पेटत नाही. शेवटी कॅन्टीनची भांडी विकली आणि त्या पिशव्या जिथून यायच्या तिथेच ती कामाला लागली.

ती जागा तुम्ही पाहिली असती तर तिला कोणी खाणावळ म्हटलं नसतं. मोटारी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांची एक रांग होती, तिच्या टोकाला पत्र्याचं शटर. बाहेर पाटी नाही, आत टेबलखुर्ची नाही, गिऱ्हाईक कधी फिरकत नाही. आत सहा शेगड्या, दोन फ्रीज, एक भला मोठा पडदा आणि त्यावर टिंगटिंग करत येणाऱ्या ऑर्डरी. स्वयंपाकघर एकच, पण फोनवर त्याची सात नावं. व्यायामवाल्यांसाठी 'ताकद', पालेभाज्यांच्या भक्तांसाठी 'हिरवं ताट', घरची आठवण येणाऱ्यांसाठी 'आजीचं पातेलं', आणि असंच पुढे. आजीचा पत्ता नव्हता आणि पातेलंही नव्हतं. शहराबाहेरच्या मोठ्या किचनमधून गोठवलेल्या पिशव्या यायच्या, लाल ग्रेव्ही आणि पांढरी ग्रेव्ही. इथे त्या कापायच्या, गरम करायच्या, मसाल्याची नि मिठाची पुडी फोडून घालायची आणि सातांपैकी एका नावाचा कागद चिकटवायचा. एकाने एकदा तक्रार लिहिली होती, की 'ताकद'चं जेवण बेचव असतं, त्यांनी 'आजीचं पातेलं'कडून जरा शिकावं. दोन्ही जेवणं थोरलीने एकाच पिशवीतून काढलेली. पॅकिंग करणारी बाई हसून हसून खाली बसली. थोरली हसली नाही.

या सगळ्यावर एक तरुण मॅनेजर होता. दर सोमवारी तो सगळ्यांना पडद्यासमोर उभं करून सांगायचा, की आता लोकांचा कल कुठे आहे. एका सोमवारी लोकांना प्रोटीन हवं असायचं, पुढच्या सोमवारी मातीशी नातं, त्याच्या पुढच्या सोमवारी पोट हलकं. थोरलीने त्याचं नाव वेधशाळा ठेवलं आणि ते इतकं बसलं, की त्याचं खरं नाव विसरायला झालं. माणूस वाईट नव्हता, कोणावर आवाज चढवायचा नाही, आणि थोरलीला त्याचाच जास्त राग यायचा. ओरडणाऱ्यावर उलटं ओरडता तरी येतं.

वेधशाळेने एकदा भाकीत केलं, की आता मीठ जाणार. लोक तब्येतीला घाबरायला लागलेत. मग आठवं नाव निघालं, 'हलकंफुलकं'. वरून मीठ नाही, तेल बेताचं. त्याच्या पिशवीवर हिरवी पट्टी. पहिली पिशवी आली तेव्हा थोरलीने नेहमीसारखे दोन थेंब तळहातावर घेऊन चाखले होते. खरोखर अळणी. तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, निदान खोटं तरी नाही.

थोड्याच दिवसांत शेगड्यांवर कॅमेरे आले. आपलं जेवण कसं बनतं ते लोकांना फोनवर थेट बघायचं असतं म्हणे. हातमोजे, टोपी, तोंडावर पट्टी. आणि एक नवा नियम आला: चाखायचं नाही. कोणीतरी थोरलीचा हात चाटताना पाहिलं होतं आणि शी शी करून लिहिलं होतं. थोरलीचा संताप झाला. आयुष्यभर ज्या हाताने हजारो माणसांना जेवू घातलं, त्याची कुणा दिवाणखान्यात लोळणाऱ्याला किळस यावी? न चाखता स्वयंपाक करायचा म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवायचा, असं ती म्हणाली. वेधशाळा म्हणाला, चाखायचं काम मोठं किचन करतं, मावशी, तुम्ही फक्त पुड्या सांभाळा.

'हलकंफुलकं'साठी तर त्याने एक नाटकच बसवलं. थोरलीने मिठाची पुडी उचलायची, कॅमेऱ्यापुढे धरायची आणि बाजूच्या लाल टोपलीत टाकायची. मीठ घातलं नाही हे लोकांना दिसलं पाहिजे. दिवसभर ती पुड्या उचलायची आणि टोपलीत टाकायची. संध्याकाळी टोपली रिकामी करून त्याच पुड्या दुसऱ्या दिवशी 'आजीच्या पातेल्या'त घालायच्या.

ती हे सगळं सहन करत होती त्याला कारण होतं, आणि ते कारण घरी खिडकीपाशी बसलेलं असायचं. तिचे बाबा. बसडेपोत मेकॅनिक होते, इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगायचे. आता त्यांचंच इंजिन थकलं होतं. पायांवर सूज, दोन जिने चढले की धाप. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय दमलंय, मीठ बंद. थोडं नाही, बंद. रात्री थोरली घरी असायची, तेव्हा ती उकडलेल्या भाज्या आणि भात बिनमिठाचं करून वाढायची. बाबा चार घास चिवडायचे आणि पोट भरलं म्हणायचे. दुपारची मात्र पंचाईत होती. तेव्हा तिला सुचलं, की 'हलकंफुलकं'चा डबा बाबांनाच का पाठवू नये? आपल्याच हाताने बनवलेला, आपल्या डोळ्यांसमोर बंद केलेला. तिने तसं सुरू केलं. आणि आश्चर्य म्हणजे थोड्याच दिवसांत बाबा तो डबा पुसून खायला लागले. रिकामा डबा धुऊन ठेवलेला असायचा. थोरलीला बरं वाटलं, आणि ते कबूल करायचं नसल्यामुळे ती म्हणाली, घरचं गळ्याखाली उतरत नाही आणि बाहेरचं बरं चालतं.

बाबा तिच्याकडे बघून मिश्कील हसले.

पण सूज उतरेना. उलट चढत चालली. चपला घट्ट व्हायला लागल्या, मग पायात जाईनाशा झाल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि थोरलीकडे रोखून बघितलं: मीठ जातंय पोटात, कुठून जातंय ते तुम्ही बघा. झालं. आता थोरली पोलीस झाली. बाबांची उशी उलटीपालटी केली, कोटाचे खिसे बाहेर काढले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जाऊन बजावलं, की म्हाताऱ्याला वेफर्स, बिस्किटं, खारट काही दिलंस तर याद राख. त्यानंतर बाबा काडेपेटी आणायला गेले तरी दुकानदार हसायचा, खारी नाही ना हवी, काका? खालच्या मजल्यावरची वहिनी आली असताना तिच्यादेखत थोरलीने बाबांची हत्यारांची पेटी उघडायला लावली. त्या पेटीला कुलूप होतं. बाबांनी निमूट किल्ली दिली. आत फडक्यात गुंडाळलेले पाने होते, पक्कड होती, ग्रीसची डबी होती. थोरलीने ग्रीसची डबीसुद्धा उघडून बघितली.

"मी तू पाठवतेस तेवढंच खातो," बाबा म्हणाले.

"मग सूज काय हवेने आली?"

बाबांनी पेटीला पुन्हा कुलूप लावलं. वहिनी चहा न घेताच उठली.

आणि एका दुपारी त्यांना श्वास घेता येईना. वहिनीने रिक्षा करून दवाखान्यात नेलं, थोरली हातमोज्यांसकट धावत पोचली. नाकाला नळी, छातीला वायरी, ओठ निळसर. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. मग ते बाबांवर वाकले आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, आजोबा, खरं सांगा, मीठ खाता ना?

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "खातो. सुटत नाही."

थोरलीचा असा भडका उडाला, की नर्स धावत आली. ती वाट्टेल ते बोलली. मी तिकडे दिवसभर पुड्या फेकते आणि हा माणूस इकडे मरणाची तयारी करतो. तुम्हाला जगायचं नसेल तर तसं सांगा, मी कशाला हाडं झिजवते? आजूबाजूच्या खाटांवरचे लोक ऐकत होते. बाबा छताकडे बघत पडून राहिले.

घरी आणल्यावर ते गळून गेले होते. डबा पुन्हा सुरू झाला, पण आता तो पुसून निघत नव्हता. एका संध्याकाळी ती कामावरून आली तर बाबा औषधाच्या गुंगीत झोपलेले आणि डबा ओट्यावर अर्धा तसाच. दिवसभर तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. अन्न टाकायचा तिला राग, तेव्हा तिने उभ्या उभ्याच चमचा घातला आणि तोंडात टाकला.

ती थांबली. दुसरा चमचा घेतला. मग बोट घालून चाटून पाहिलं.

मीठ होतं. कमी नाही, भरपूर होतं. कॅन्टीनमध्ये ती घालायची तेवढं तरी होतंच.

तिला आधी वाटलं डबा बदलला असेल, पॅकिंगमध्ये गडबड झाली असेल. झाकणावर हिरवी पट्टी होती आणि शेजारी पडलेल्या फाडलेल्या पिशवीला तिने स्वतः मारलेली गाठ होती. बाबांना उठवावं असं मनात आलं, पण कोणत्या तोंडाने उठवणार? ती ओट्याला धरून उभी राहिली आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच ऑर्डरीला तिने हिरव्या पट्टीची पिशवी कापली, गरम केली, तोंडावरची पट्टी खाली ओढली, हातमोजा काढला आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खाली तळहातावर दोन थेंब घेऊन चाटले. पॅकिंगवाली घाबरून म्हणाली, मावशी, वरती कॅमेरा आहे. थोरलीने दुसरी पिशवी कापली. मग तिसरी. सगळ्या खारट.

वेधशाळा लगबगीने आला. तिने त्याला पिशवी दाखवली आणि विचारलं, यात मीठ कधीपासून आहे? तो जरा घुटमळला, पण खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पहिला महिनाभरच अळणी माल आला होता. लोकांनी चव नाही, चव नाही म्हणून एकेक तारा दिला. तेव्हा मोठ्या किचनने ग्रेव्हीतच मीठ घालायला सुरुवात केली. वरून मीठ आपण अजूनही घालत नाही, त्यामुळे जाहिरात खोटी नाही.

"मावशी, लोकांना कमी मीठ वाचायला आवडतं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "खायला नाही आवडत. सगळीकडे असंच आहे."

"आणि जो आजारी आहे त्याने काय करायचं?"

तो म्हणाला, आजारी माणसांसाठी हे नाहीच, हे तब्येतीची हौस असणाऱ्यांसाठी आहे, तसं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मग त्याला काहीतरी आठवलं असावं. थोरलीचा रोजचा एक डबा कुठे जातो ते त्याला ठाऊक होतं. त्याचा चेहरा उतरला. तुम्ही आधी विचारायला हवं होतं, एवढंच तो म्हणाला.

विचारायला हवं होतं! ज्या बाईने आयुष्यात न चाखता एक पळी वाढली नाही, तिची जीभ यांनी पट्टीखाली बांधून टाकली, तिच्या हाताने जगाला दाखवत पुड्या फेकायला लावल्या, आणि आता विचारायला हवं होतं. त्या कॅमेऱ्याला कान नव्हते, फक्त डोळा होता. तिने एका खोक्याचं झाकण फाडलं, पॅकिंगवालीचा जाड पेन घेतला, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यात मीठ आहे', आणि ते झाकण कॅमेऱ्यासमोर धरून उभी राहिली.

हात दुखेपर्यंत उभी राहिली. वेधशाळेने तिला ओढलं नाही, तो फोनवर कोणालातरी हो सर, हो सर म्हणत शटरबाहेर गेला. आणि पडदा टिंगटिंग करतच होता. 'ताकद' दोन, 'आजीचं पातेलं' एक, 'हलकंफुलकं' तीन. जगात कोणीतरी बघत असेल की नाही देव जाणे. एकाने तेवढ्यात पाच तारे दिले आणि लिहिलं, किचन किती स्वच्छ आहे. थोरलीने ते वाचलं, झाकण खाली टाकलं, टोपी त्या लाल टोपलीत फेकली आणि निघाली. तिला कामावरून काढलं की तिने सोडलं यावर पॅकिंगवाली आणि इतरांमध्ये अजून एकमत नाही.

वाटेत तिचा राग उतरला नाही. उलट एक प्रश्न तिला कुरतडत होता. मीठ डब्यातून जात होतं, तर दवाखान्यात बाबा 'खातो' असं का म्हणाले?

ती घरात शिरली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसलेले, पाय स्टुलावर. अवेळी आलेली पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"बाबा, दुपारचा डबा खारट लागायचा तुम्हाला?"

"खारट नाही," ते म्हणाले. "बेताचा होता. छान असायचा."

"कधी कळलं तुम्हाला?"

"थोड्या दिवसांनी. आधी अळणीच असायचा."

"मग बोलला का नाहीत? मी पेटी उघडायला लावली तुम्हाला. दुकानदारासमोर तुमची लाज काढली. तेव्हा तरी बोलायचं."

बाबांनी दाराकडे बघून घेतलं, वहिनी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "काय बोलायचं? रात्री वहिनी डोकावते, भिंतीवर डॉक्टरांचा कागद आहे, तेव्हा तू नियमाने वाढतेस. दुपारी कोणी बघत नसतं. मला वाटलं, पोरीला माझे हाल बघवत नाहीत, टाकते चिमूटभर. वहिनीसमोर तू आरडाओरडा केलास, तो तर मला वाटलं दाखवण्यापुरता."

थोरलीने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"आणि डॉक्टर विचारत होते तेव्हा?"

"तेव्हा तुझं नाव सांगू? फाडून खाल्लं असतं त्यांनी तुला." ते थोडं थांबले, धाप लागली होती. "आज डबा आला नाही."

"नाही येणार आता."

"का?" बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. "पकडलं का तुला?"

थोरलीच्या जिभेवर सगळं तयार होतं. मोठं किचन, हिरवी पट्टी, लाल टोपली, वेधशाळा, बारीक अक्षरं. वाटेत तिने ते सगळं शिव्यांसकट घोकत आणलं होतं. तिने बापाच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "पकडलं."

"जाऊ दे," बाबा म्हणाले, आणि तिचा हात ओढून त्यावर दोनदा थोपटलं. "पुरे झालं तेवढं. आता नको टाकूस हं."

तिने हात सोडवून घेतला, आत गेली, बटाटे धुतले आणि बिनमिठाच्या पाण्यात उकडायला ठेवले.